पीसवाल्या काकूंच्या कोंबड्या

वडनेर भोलजीत एक कढई अशी होती, जी तेलाला नावानं ओळखत होती, चेहऱ्यानं नाही. ती काकूंची. काकू मोराचं पीस तेलाच्या वाटीत टेकवत, काठावर तीनदा निथळवत आणि तव्यावरून असं फिरवत, जणू तव्याचीच दृष्ट काढताहेत. एका पावशेर तेलात त्यांनी एक पावसाळा, एक दिवाळी आणि नणंदेचं बाळंतपण काढलं, असं गाव सांगे. दिवाळीचा मी साक्षीदार आहे. बाळंतपणाबद्दल शपथ घेणार नाही. गावानं त्यांचं नावच पाडलं होतं, पीसवाल्या काकू.

मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. त्यांच्या पडवीत राही आणि त्यांच्याच चुलीवर जेवे. काका कापसाच्या जिनात कामाला होते. जिन वर्षाला चार महिने चाले, पोटं बाराही महिने चालत. हा आठ महिन्यांचा खड्डा काकू एकट्या बुजवत. कांदा इतका पातळ चिरत की त्यातून शेजारचं भांडण दिसे. आगकाडी पात्यानं उभी चिरून तिच्या दोन करत. चहाची पूड उन्हात वाळून तिसऱ्यांदा कामावर रुजू होई; मग पाणी तिच्याकडे पाहून लाजून जेवढं लाल होई, तेवढाच चहा.

बाजाराला त्या दिवस कलल्यावर निघत. लवकर जा म्हटलं की म्हणत, "बाजार म्हातारा होऊ द्या गुरुजी. म्हातारपणी सारेच वाकतात." आणि खरंच, पालं उतरायच्या घाईत असलेला बागवान त्यांना पाहताच वाकलेला मी पाहिला आहे.

पण काकूंचा खरा खजिना म्हणजे चुलीवरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा. धान्य निवडलं की तुम्ही-आम्ही निवडण उकिरड्यावर टाकतो. काकू ते डब्यात टाकत. किडका दाणा, काणी लागून काळा पडलेला दाणा, गवताचं बी, सारं. खडा तेवढा फेकत, तोही मला वाटतं जड मनानं. महिनाअखेरीला डबा रिकामा होई. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "कोंबड्याइले. भावाच्या मळ्यात हायेत माह्या." मी ऐकून घेतलं. आयतं जेवणारा माणूस कोंबड्या मोजायला जात नसतो.

काकू आमच्या मागून जेवत, चुलीच्या कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून. कधी कधी त्यांची भाकर काळपट दिसे. करपलेली स्वतःला घेत असतील, असं मी ठरवून टाकलं होतं आणि तिसरी भाकर मागितली होती.

मग ते पाऊस न झालेलं साल आलं. विहिरी इतक्या खोल गेल्या की बादली सोडून माणूस जेवून यायचा, तरी ती पोचलेली नसे. दुकानातली ज्वारी संपली आणि रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी आली. काकू ती तीनदा निवडत. एक दिवस त्यांनी तळहातावर चपट्या, तपकिरी बिया दाखवल्या. फार खुशीत होत्या. "हे पाहा गुरुजी, तिकडचे लोक ज्वारीसंगं मिरचीचं बी पाठवून राह्यले. फुकटचं तिखट."

बिया डब्यात पडल्या. मी हसलो. त्याच आठवड्यात मी पोरांना फळ्यावर धोतरा काढून दाखवला होता, काटेरी फळासकट. फळाच्या आत काय असतं, ते पाहायचं मला सुचलं नव्हतं.

महिन्याचा शेवटचा रविवार. भर दुपार. आमची जेवणं होऊन आम्ही पडवीत सुपारी कातरत होतो आणि आतून काकूंचा आवाज आला. इतका मोकळा, इतका मोठा आवाज त्यांचा मी ऐकला नव्हता. आत गेलो. काकू पंगत वाढत होत्या. पंगतीत कुणीच नव्हतं. महिन्याचं अख्खं तेल त्या जमिनीवर ओतत पुढे सरकत होत्या, एकेका पाहुण्यापुढे थांबून. "घ्या ना. लाजता काऊन? पोटभर घ्या. घरात काही कमी नाही."

आधी मी हसलो, हे सांगितलं पाहिजे. मग त्या वळल्या. डोळ्यांत बुबुळच उरलं होतं, सगळं काळं. काकांनी हात धरला, तर तो तव्यासारखा तापलेला. त्या काकांना म्हणाल्या, "बसा पाहुणे, तुमचं पान राह्यलं."

डॉक्टर सायकलवरून आले. डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, धोतऱ्याचं बी पोटात कसं गेलं? मी म्हणालो, शक्य नाही, आम्ही तिघंही एकाच टोपल्यातलं जेवलो. काका चुलीकडे गेले. त्यांनी कोपऱ्यातली पालथी थाळी उचलली. खाली काळपट भाकरीचा अर्धा तुकडा होता. मी फळीवरचा डबा काढला. रिकामा.

"हा तर कोंबड्यांचा," मी म्हणालो.

काका म्हणाले, "कोणाच्या कोंबड्या? तिचा भाऊ माळकरी हाय गुरुजी. त्याच्या मळ्यात कोंबडं आरवत बी नाही."

मग आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू शकलो नाही. मी माझ्या तिसऱ्या भाकरी मोजू लागलो होतो.

दोन दिवस काकू पंगत वाढत होत्या. तिसऱ्या सकाळी त्यांनी काकांना ओळखलं, जमिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "तेल कोणं सांडलं?" आम्ही तोंड उघडायच्या आत त्या फडकं घेऊन ते टिपायला बसल्या. ते फडकं पिळून पुढे महिनाभर देवापुढे दिवा जळला.

मी डबा नेऊन कोरड्या विहिरीत टाकला आणि घरात कायदा केला, काकू पंगतीला बसल्याशिवाय गुरुजी घास उचलणार नाहीत. त्या बसू लागल्या, आमच्याच टोपल्यातली भाकर घेऊ लागल्या. चार महिने मी स्वतःवर भयंकर खूश होतो.

मग माझी बदली जानेफळला झाली. निघायच्या सकाळी वळकटीची दोरी सापडेना, म्हणून मी चुलीवरच्या फळीवर हात घातला. हाताला पत्रा लागला. नवा डबा होता. हलवून पाहिला. भरत आलेला होता.

काकू माझ्या वाटेसाठी भाकरी बांधत होत्या. आता पुन्हा ज्वारीच्या, पांढऱ्याशुभ्र. त्यांनी मान वर केली नाही.

"राहू द्या तो," त्या म्हणाल्या. "कोंबड्याइले लागते."