पत्रूनं खर्रा थुंकला

घुग्घुसमध्ये पत्रूला ओळखत नाही असा नवरदेव सापडणं कठीण. वरातीतली घोडी त्याची, आणि घोडीपुढच्या बँडमधला मोठा पितळी बाजा वाजवणाराही तोच. त्याच्या तोंडात दोनच गोष्टी असायच्या, बाजा नाहीतर खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तो तासन्‌तास घोटत बसे. तोंड भरलं की हनुवटी वर करून बोले, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटावं, हा आभाळातल्या कुणाशी तरी भांडतोय. त्याच्या बायकोनं, रुखमानं, लग्नापासून हा खर्रा सोडवायचा चंग बांधला होता. शपथा घालून झाल्या, अबोला धरून झाला. अबोला तर पत्रूच्या पथ्यावरच पडला; तोंड उघडायची गरजच उरली नाही.

माणूस मात्र मायाळू. मालन नावाच्या त्या घोडीवर त्याचा भारी जीव. नवरदेव वजनदार असला तर सरळ सांगे, "जरा हलकं बसा भाऊ. लग्न तुमचं हाय, तिचं नाई."

मालनचं पहिलं शिंगरू जन्मलं ते श्वास न घेताच. शेजारच्या दादाजींकडे शेळ्या. शेळीचं पिल्लू गुदमरलं की ते त्याला मागच्या पायांनी धरून उलटं झुलवतात, नाकातलं पाणी गळतं आणि पिल्लू ओरडतं. त्याच हिशेबानं दोघांनी शिंगरूही उलटं धरलं. ते हललंच नाही. मालन दिवसभर त्याला चाटत उभी राहिली. पत्रूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रुखमानं पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "धूळ गेली." घुग्घुसच्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक धावतात, त्यामुळे ही सबब इथं कुणालाही पटते. रुखमाला पटली नव्हती.

मालन पुन्हा गाभण राहिली तेव्हा पत्रूनं जनावरांच्या डॉक्टर दिव्यानीबाईंना इतके फोन केले, की त्यांनी त्याचा नंबर 'मालनचे वडील' या नावानं ठेवला. हे शिंगरू जगलं नाही तर मालनला पुन्हा तोंड दाखवायची हिंमत त्याच्यात नव्हती.

मालनला कळा आल्या त्या सकाळी, खाणीतली रात्रपाळी सुटून मोटरसायकली परतत होत्या तेव्हा. डॉक्टरबाई लगेच निघाल्या आणि रेल्वे फाटकाशी अडकल्या. समोर कोळशाची मालगाडी उभी, आणि ती हलायचं नाव घेईना. इकडे शिंगरू बाहेर पडलं आणि तणशीवर ओलंचिंब, निपचित पडून राहिलं. रुखमानं फोन लावून स्पीकर सुरू केला. तोवर दादाजी धावत आले आणि त्यांनी सवयीनं मागचे पायच धरले.

"उलटं करून राह्यलो, बाई," पत्रू ओरडला.

"बिलकुल नाई! पोटाचा सारा भार फुप्फुसावर येते," फोनमधून बाई कडाडल्या. "ते शेळीचं पिल्लू नाई. छातीवर बसतं करा. नाकावरचा पडदा काढा, पोत्यानं खसाखसा पुसा."

पुसलं. नाकपुडीत तणशीची काडी फिरवून पाहिली. काही नाही.

"छातीत धडधड हाय का?"

रुखमानं हात ठेवला. "हाय! बारीक हाय, पण हाय!"

"मंग फुंका त्याच्यात."

पत्रूनं शिंगराचा जबडा धरला. फुंकायचं म्हटल्यावर त्याला तोंडच आठवणार.

"तोंडात नाई, नाकात! घोडं तोंडानं श्वास घेतच नाई. मान सरळ करा, एक नाकपुडी दाबा, दुसरीत फुंका."

पत्रू हनुवटी वर करून काहीतरी पुटपुटला.

"पत्रूभाऊ, तोंडात काय हाय?"

"दुसरं काय असन, डॉक्टरबाई?" रुखमा म्हणाली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती वर्षानुवर्षं थांबली होती.

"थुंका! चूळ भरा! तंबाखू त्याच्या फुप्फुसात धाडता का?"

पहाटे घोटलेला, अजून रसही न उतरलेला खर्रा पत्रूनं थुंकला. रुखमानं तांब्या ओतला, त्यानं खळखळून चुळा भरल्या आणि नाकपुडीला तोंड लावून फुंकलं. रुखमा ओरडली, "छाती टम्म फुगली, बाई!"

"हळू, पत्रूभाऊ! वरात नाई हे. छाती जराशी उचलली की पुरे."

पत्रूनं जन्मात पहिल्यांदा हलकं फुंकलं. थांबला. पुन्हा फुंकलं. मालन मान वळवून बघत होती, आणि तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना. मग शिंगराची बरगडी आपसूक हलली आणि ते त्याच्या तोंडावर फटकन शिंकलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फाटक उघडल्यावर डॉक्टरबाई पोचल्या, तेव्हा चेहराही न पुसता पत्रू दादाजींना मिठी मारत होता. बाईंनी शिंगराला तपासलं, नाळेला औषध लावलं आणि पत्रूला तोंड धुवायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पत्रू तोंड भरून गोठ्यात गेला. शिंगरू लटपटत आलं, त्याचं तोंड हुंगलं, वरचा ओठ वर दुमडला आणि आईच्या मागे जाऊन उभं राहिलं. संध्याकाळी तोच प्रकार. पत्रूला हे फार लागलं. रुखमाची वाकडी तोंडं त्यानं आयुष्यभर पचवली होती, पण या एवढ्याशा जिवाचं वाकडं तोंड त्याला सहन होईना. काही दिवस चिडचिड केली, बडीशेप खाल्ली, बाज्यावर राग काढला. शेवटी घोटायची पन्नी त्यानं चुलीत टाकली.

"इतकी वर्षं मी सांगून राह्यली," रुखमा म्हणाली, "तवा मी काय तुमचं घोडं मारलं होतं?"

पत्रू गोठ्यात जाऊन उकिडवा बसला. शिंगरू आलं. त्यानं पत्रूचं तोंड हुंगलं, मागे सरलं नाही, उलट नाक त्याच्या गालाला टेकवून ऊन ऊन श्वास सोडत राहिलं. पत्रू हलेना. मागे रुखमा येऊन उभी राहिली, तरी त्याला मान वळवता येईना.

"धूळ गेली असन," रुखमाच म्हणाली, आणि पदरानं तिनं त्याचे डोळे पुसले.