विजयमालाबाईंचा आगमनकाळ

एकाहत्तर वर्षांच्या विजयमालाबाईंना कडेगावाजवळच्या त्या गावात सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंनी चाळीस वर्षं बालवाडी चालवली आणि जवळजवळ तेवढीच वर्षं देवळातली रविवारची शाळा. देऊळ म्हणजे मिशनच्या काळातलं दगडी चर्च. गावातली तीसेक ख्रिस्ती घरं त्याला देऊळच म्हणतात. मालक जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. त्याचं रडगाणं बाईंनी कुणापुढे गायलं नाही. जीभ मात्र तिखट. प्रार्थना चालू असताना मोबाईल बघणाऱ्याला त्या भर उपासनेत नाव घेऊन उठवायच्या, मग तो देवळाच्या मंडळीचा पुढारी का असेना.

वर्षातला बाईंचा खरा काळ म्हणजे आगमनकाळ, नाताळाआधीचे चार रविवार. आज विचारलं तर निम्म्या मंडळीला हे नावसुद्धा आठवायचं नाही. पहिल्या रविवारी बाई देवळात व्यासपीठाच्या पायरीशी एक लाकडी गव्हाण मांडायच्या, रिकामी. पोरांनी रोज एखादं चांगलं काम करायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि गुपचूप येऊन गव्हाणीत कडब्याची एक काडी टाकायची. चोवीस तारखेपर्यंत अंथरूण झालं पाहिजे. त्यावर निजवायचं नाताळाचं वीतभर मातीचं बाळ त्या दिवशी संध्याकाळी यायचं, त्याआधी नाही. कुणी कितीही हट्ट केला तरी बाई कपाटाची किल्ली द्यायच्या नाहीत.

"आनंद करायला कुणाला शिकवावं लागत न्हाई," त्या पोरांना सांगायच्या. "पर जागा मोकळी हाय, ज्याची हाय तो अजून आला न्हाई, हे बगत बसता आलं पायजे. तेच शिकायचं असतंय या दिवसांत."

पोरांना यातलं किती कळायचं देव जाणे. जयराजला मात्र कळलं होतं, अशी बाईंची खात्री. जयराज सात वर्षांचा होता तेव्हा दिवसातून दोनदा गव्हाण बघायला यायचा. एका वर्षी काड्या फार थोड्या पडल्या होत्या, म्हणून त्याने अंगातला नवा स्वेटर काढून गव्हाणीत अंथरला आणि थंडीत कुडकुडत घरी जाऊन आईचा मार खाल्ला. स्वेटर कुठं गेला हे त्याने आईला सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही हा नियम होता. त्या रात्री बाई घरी एकट्याच रडल्या होत्या, आनंदाने.

तोच जयराज आता छत्तीस वर्षांचा. कडेगावात मोबाईलचं दुकान, आणि देवळाच्या तरुण मंडळाचा सचिव. पोरगा वाईट नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर पहिली गाडी त्याचीच निघते. पण सांगलीत तीन वर्षांपूर्वी नाताळ महोत्सव सुरू झाला, त्यात देखाव्यांची स्पर्धा आली आणि जयराजच्या अंगात वारं शिरलं. गणपतीच्या मंडळांत वाढलेली ही सगळी पोरं. देखावा म्हटला की त्यांना बाकी काही सुचत नाही. देखावा उभा राहिला की त्याच दिवशी मूर्ती बसणार, हे त्यांनी धरूनच टाकलं. त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनालाही शिवलं नाही.

यंदा डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी बाई बगलेत कडब्याची पेंढी घेऊन देवळात गेल्या आणि दारातच थांबल्या. अर्धं देऊळ देखाव्याने खाल्लं होतं. थर्माकोलचा डोंगर, त्यावरून पंपाचा धबधबा, कापसाचं बर्फ, तीन उंट, पुढे घंटा हलवणारा लाल कपड्यांतला म्हातारा, आणि डोंगराच्या पायथ्याशी 'प्लास्टिक टाळा' असा प्लास्टिकचा फलक. परीक्षक सामाजिक संदेशाला दहा गुण देतात म्हणे. गोठा पार मागे होता. गोठ्यात बाळाचे आईबाप, फायबरची मरिया आणि फायबरचा योसेफ, आणि गव्हाणीत गुलाबी गालांचं बाळ आरामात झोपलेलं. बाईंची लाकडी गव्हाण चपलांच्या फळीखाली सरकवली होती.

"जयराज, बाळ आत्ताच कसं काय आलं रं?" बाईंनी विचारलं.

"आवं बाई, सांगलीतनं सगळा सेट एकदमच येतोय. बाळ वेगळं देत न्हाईत."

"मग तेवढं काढून ठेव. चोवीसला ठेवू."

"दुसऱ्या रविवारी परीक्षक येणार हायत. रिकामा गोठा बघून काय म्हणतील त्ये?" जयराज हसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "लय विचार करू नगा. देव काय तारखेनं येतोय व्हय?"

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं, पण तो प्रेमाने बोलला होता म्हणून त्या वळून बाहेर पडल्या. देवळाचे पाळक अमृत यांच्याकडे त्या गेल्या, तर त्यांच्यामागे सात गावं आणि घसा बसलेला. "बाई, या निमित्तानं तरी पोरं देवळात येतात. आता मी त्यांना काय सांगू?" एवढं बोलून ते पुढच्या गावाला निघून गेले.

पेंढी तशीच घरी परत आली. अंगणात हरणाबाई टेकली होती. आटपाडीकडची धनगरीण, दरवर्षी मेंढरं घेऊन या बाजूला उतरते. कडब्याची पेंढी बाई शेजाऱ्याकडून तिच्याच देखत मागून नेतात, म्हणून तिला सगळं माहीत.

"औंदा घातला न्हाई व्हय कडबा?" तिने विचारलं.

"बाळ आधीच आलंय औंदा."

हरणाबाईने तोंडातली मिश्री थुंकली. "आन जागा? येणार म्हटल्यावं आदी जागा नगं का कराया?"

बाईंना वाईट वाटलं ते याचंच, की हे विचारणारी मंडळीतली कुणी नव्हती.

शनिवारी दुपारी देवळात चिटपाखरू नव्हतं. बाई आत गेल्या, उंटांना वळसा घालून गुडघ्यांवर गोठ्यापर्यंत पोचल्या, गव्हाणीतलं बाळ उचललं आणि पदराखाली घेऊन घरी आणलं. आयुष्यात पहिली चोरी. मनात मात्र मुलांसारखी हौस होती. उद्या परीक्षकांसमोर एकच गडबड होईल, बाळ कुठंय, बाळ कुठंय म्हणून सगळे धावतील. जयराज रिकाम्या गव्हाणीपुढे उभा राहील आणि त्याला आठवेल. मग त्या कबूल करतील, शिव्या खातील, आणि चोवीसपर्यंत सगळे मिळून वाट बघतील. निदान जयराज तरी. त्यांना तेवढाच हवा होता.

रविवारी परीक्षक आले. त्यांनी धबधब्याचे फोटो काढले, फलक वाचला, चहा घेतला आणि गेले. बाई मागच्या बाकावरून गोठ्याकडे बघत होत्या. बाळाचं कुणी विचारलं नाही.

गर्दीत दिसलं नसेल, त्यांनी स्वतःला समजावलं. सोमवारी बायका देखाव्यापुढे उभ्या राहून फोटो काढून गेल्या. बुधवारी जयराज स्वतः गोठ्यात शिरून तिथली जळालेली माळ बदलून आला, गव्हाण त्याच्या कोपराला लागत होती. बाई दारातून बघत होत्या. त्याने माळ लावली, हात झटकले आणि म्हणाला, "सलाम बाई, जेवला का?" तिसऱ्या रविवारी दुसरा नंबर आल्याची बातमी आली आणि पोरांनी देवळाच्या आवारात फटाके लावले. बाई रोज काहीतरी निमित्त काढून देवळात जायच्या. रोज त्यांना वाटायचं, आज कुणीतरी विचारील. घरी बाळ ट्रंकेत साड्यांच्या घडीवर होतं. त्याच्याकडे बघायची त्यांना भीती वाटू लागली. जेवण जाईना, आणि चौथ्या रविवारी त्या आजारी असल्याचं सांगून घरातच बसल्या.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्यांनी बाळ कापडी पिशवीत घातलं आणि देवळाकडे निघाल्या. ठरवलं होतं, कुणी विचारो न विचारो, ज्या दिवशी यायचं त्या दिवशी ते आपल्या जागी येईल. देखाव्यापुढे नव्या कपड्यांतली गर्दी. बाई वाट काढत गोठ्यापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. गव्हाणीत बक्षिसाची ढाल उभी केली होती. सोनेरी, हातभर उंचीची. मरिया आणि योसेफ तिच्याकडे वाकून बघत होते.

"कसं दिसतंय बाई?" जयराज मागून आला. "गावभर जागा शोदली, पर हितंच लाईट बरोबर पडतोय."

"जयराज, हितलं बाळ मी नेलं व्हतं," बाई म्हणाल्या. "सतरा दिस झालं."

त्याने पिशवीत डोकावलं, मग गव्हाणीकडे बघितलं. क्षणभर तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. मग मोकळेपणाने हसला. "व्हय? आमच्या कुणाच्या ध्यानातच न्हाई आलं बगा. आता ढाल हलवता यायची न्हाई, महोत्सवाचं साहेब फोटोला येणार हायत. तुमच्याजवळच असू द्या. पुढच्या वर्साला उपेगी पडंल." आणि एवढ्या गर्दीत त्या उभ्याच आहेत हे बघून तो धावत जाऊन खुर्ची घेऊन आला, त्यांना धरून बसवलं, पाणी दिलं. तो रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

उपासना सुरू झाली. मांडीवर पिशवी घेऊन बाईंनी डोळे मिटले आणि प्रार्थना करायला गेल्या, तर काही केल्या त्या येणाऱ्याचं नाव सुचेना. सतरा दिवस आपण वाट बघितली ती जयराजची. त्या बायकांची, परीक्षकांची, कुणीतरी विचारील याची. जो येणार त्याची नव्हे. सगळ्या देवळात एक जण तरी वाट बघतंय असं त्या धरून चालल्या होत्या, आणि तेही खरं नव्हतं. हे कळलं तेव्हा त्यांना रडूसुद्धा आलं नाही. आतून सगळं कोरडं पडलं होतं.

पाळक बसल्या घशाने म्हणाले, "तो आला आहे."

सगळी मंडळी उठून उभी राहिली आणि मोठ्याने आमेन म्हणाली. विजयमालाबाई खुर्चीतच बसून राहिल्या.