झुंबरभाऊंनी वाटलेले बूट

गेली काही वर्षं नाशकात गरीब मुलांचं भलं करायचं तर आधी स्वतः घामाघूम व्हावं लागतं. खिशात हात घालून दिले आणि विसरले, असं आता चालत नाही. त्यात फोटो निघत नाही. म्हणून पाड्यावरच्या मुलांना दप्तरं मिळावीत यासाठी आपण गंगापूर धरणापर्यंत सायकल मारायची, त्यांना वह्या मिळाव्यात म्हणून शंभर उठाबशा काढायच्या, आणि त्यांच्या पोटात सकस अन्न जावं म्हणून आपण एकवीस दिवस साखर सोडायची. हे शेवटचं चॅलेंज मी पूर्ण केलं. गुळाच्या चहाबद्दल नियमांत काही लिहिलेलं नव्हतं.

मी विमा कंपनीत नोकरीला. रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालायचंच आहे तर निदान समाजासाठी चालू, म्हणून मी एका फाउंडेशनचा सदस्य झालो. नाव सांगत नाही. त्यांचा मेसेज तुम्हालाही आलाच असेल.

आमच्या प्रत्येक चॅलेंजमागे एक पांढरी पिकअप पहिल्या गिअरमध्ये रांगत यायची. तिच्यात पाण्याच्या बाटल्या, केळी, बॅनर आणि मधेच दमलेले दानशूर असायचे. ती चालवायचे झुंबर पगारे.

झुंबरभाऊ मूळचे सटाण्याकडचे. आईवडील कांद्याच्या खळ्यावर मजुरीला. शाळा चार किलोमीटरवर, आणि सातवीपर्यंत ते ती वाट अनवाणी चालले. त्या काळी त्याला चॅलेंज म्हणत नसत, त्यामुळे त्यांना मेडल वगैरे मिळालं नाही. सातवीनंतर एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, पुढे ड्रायव्हर झाले, नाशिकरोडला बौद्ध कॉलनीत दोन खोल्या घेतल्या आणि पन्नाशीला आले तेव्हा स्वतःची पिकअप दारात उभी होती. हंगामात दिंडोरीच्या बागांमधून द्राक्षांचे क्रेट वाहायचे, एरवी मिळेल ती भाडी करायची. बोलणं बेताचं. आमच्यातला एखादा फेस आलेला माणूस केबिनमध्ये चढला की ते नुसतं एसीचं बटण दाबायचे. एसी कधीचा बिघडलेलाच होता, पण माणसाला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत फाउंडेशनच्या अध्यक्षा चैताली मॅडमना कल्पना सुचली. मॅडमना कल्पना सुचते तेव्हा त्या आधी डोळे मिटतात.

"मुलं अनवाणी शाळेत जातात," त्या म्हणाल्या. "आपणही एक दिवस अनवाणी चालू या. सात किलोमीटर. त्यांची वेदना आपल्याला कळली पाहिजे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, "रस्त्यावर कार्पेट टाकणार का?"

ठरलं ते असं. मार्चमधल्या एका रविवारी हरसूलच्या अलीकडच्या एका रिसॉर्टपासून बोरीपाड्याच्या शाळेपर्यंत चालायचं. निघताना प्रत्येकाने आपले बूट नाव लिहिलेल्या पिशवीत घालून झुंबरभाऊंच्या पिकअपमध्ये द्यायचे, शाळेत पोचल्यावर परत घालायचे. मुलांना त्या दिवशी बिस्किटं आणि प्रमाणपत्र द्यायचं. चपला? चपला दुसऱ्या टप्प्यात, निधीचं नियोजन झाल्यावर. पिकअपच्या दोन्ही बाजूंना लावायला बॅनर छापून आला. त्यावर एका मुलाचे धुळीने भरलेले पाय होते आणि खाली ठळक अक्षरांत ओळ: 'आमचे बूट, त्यांच्या पावलांसाठी!' ही ओळ मीच सुचवली होती. शाळेत असताना मला निबंधात बक्षीस मिळालेलं आहे.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही शंभरेक लोक रिसॉर्टच्या हिरवळीवर जमलो. झुंबरभाऊ द्राक्षांचं भाडं सोडून आले होते, कारण मॅडमना शब्द दिलेला. प्रमुख पाहुणे नऊ वाजता आले. मग दीपप्रज्वलन, मग वेदनेवर भाषण, मग नाश्ता. झेंडा दाखवला तेव्हा दहा वाजून गेले होते आणि डांबर तापायला लागलं होतं.

पहिल्या पाचशे मीटरला आम्ही घोषणा दिल्या. नंतर आवाज बसले. लोक रस्त्याच्या कडेची सावली धरून एका रांगेत टाचांवर चालायला लागले. दोन किलोमीटरवर माझ्या तळव्यात बाभळीचा काटा गेला. म्हणजे मी सगळ्यांना तसं सांगितलं. खरं तर खडी टोचली होती. पण काटा म्हटलं की माणसाला मान मिळतो. मी लंगडत पिकअपमध्ये चढलो. झुंबरभाऊंनी एसीचं बटण दाबलं.

"सामान घेऊन पुढं व्हा म्हणले मॅडम," ते म्हणाले. "बसा आरामात."

मागे शंभर जोड बूट हिंदकळत होते. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, त्या पोरांना आज चपला भेटणार ना?"

"आज नाही. दुसऱ्या टप्प्यात."

"दुसरा टप्पा कधी?"

"नियोजन चालू आहे."

त्यांनी मान हलवली. "मागच्या वर्षी दप्तरांचाबी दुसरा टप्पा होता," ते म्हणाले आणि गिअर बदलला. मी खिडकीतून बाहेर डोंगर बघत बसलो. डोंगर बघण्यासारखे होते.

बोरीपाड्याची शाळा म्हणजे दोन वर्ग, एक व्हरांडा. मुलं सकाळी आठपासून टाळ्या वाजवायला रांगेत बसवली होती. त्यातली बरीचशी आसपासच्या वस्त्यांवरून चालत आली होती, अर्थातच अनवाणी. पण त्यांचं अंतर कुणी मोजलेलं नव्हतं. आईबाप आले होते, म्हाताऱ्याही आल्या होत्या. शाळेचे शिक्षक नाथा सर धावत पुढे आले. त्यांनी गाडीला वळसा घातला, दोन्ही बॅनर वाचले आणि मागच्या पिशव्यांतले बूट पाहिले.

"हे सगळे आमच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

झुंबरभाऊ खाली उतरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं की नाही हो, हे आमचे आहेत, परत घालायचे आहेत. वाक्य सोपं होतं. पण साठ-सत्तर मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तेवढ्यात मला माझा काटा आठवला. मी खाली वाकून तळवा तपासू लागलो.

झुंबरभाऊंनी बॅनरवरची ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "आसं लिखेल शे ना, सर! घ्या उतरवून."

पुढची वीस मिनिटं मी जे पाहिलं ते कुठल्याच चॅलेंजमध्ये पाहिलं नव्हतं. नाथा सरांनी शिस्तीत वाटप केलं, आधी मुली, मग मुलं. बूट मोठ्या माणसांचे, त्यामुळे मुलांची पावलं त्यात होडीत बसल्यासारखी बसली. एका पोरीने पोपटी रंगाचे स्पोर्ट शूज घालून व्हरांड्यात फेरी मारली, तेव्हा बूट पुढे गेले आणि ती मागे राहिली. उरलेले जोड मोठ्यांना गेले. सगुणाबाई नावाच्या एका म्हातारीने माझे बूट पायात घातले, दोनदा पाय आपटून पाहिले आणि म्हणाली, "लय मऊ हायेत. आतून गादी हाय." मीच ते गादीसाठी घेतले होते. मी म्हटलं, "सांभाळून वापरा, आजी."

साडेबाराच्या सुमाराला दानशूर आले. पाय भाजलेले, तोंडं लाल, प्रत्येकाची नजर पिकअपवर. पिकअप रिकामी होती. मग त्यांनी मुलांच्या पायांकडे पाहिलं.

"झुंबर!" चैताली मॅडमचा आवाज फाटला. "बूट कुठे आहेत?"

"वाटले, मॅडम."

"वाटले? कुणी सांगितलं वाटायला?"

"तुमीच. दोन्ही बाजूंनी लिवलंय."

"अरे, ते स्लोगन आहे! स्लोगन कळतं का तुला?"

"नाय, मॅडम," झुंबरभाऊ शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, खरं हाय."

एक गृहस्थ तडक एका मुलापाशी गेले आणि "बेटा, हे इम्पोर्टेड आहेत" असं समजावत त्याच्या पायातला बूट ओढू लागले. मुलगा बुटासकट ओढला गेला. नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे गाडीतून उतरले. ते गाडीतून आले होते, कारण त्यांची वेदना आधीच समजून झालेली होती. त्यांनी मुलांचे पाय पाहिले, अनवाणी सदस्य पाहिले आणि थेट मॅडमचे हात हातात घेतले.

"चैतालीताई," ते म्हणाले, "पायातले काढून दिलेत! याला म्हणतात दान!"

फोटोग्राफर पुढे सरसावला. इम्पोर्टेडवाल्या गृहस्थांनी ओढता ओढता त्या मुलाच्या बुटाची नाडी बांधायला सुरुवात केली. तोच फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे गेला. मॅडमनी एकदा डोळे मिटले, उघडले आणि माइक हातात घेऊन सांगितलं की हे आमचं सरप्राइज होतं.

परतीच्या दोन एसी बसमध्ये शंभर माणसं पाय वर घेऊन बसली होती. वेदना या विषयावर कुणीच बोललं नाही.

पुढे त्या उपक्रमाला पुण्यात पुरस्कार मिळाला, कल्पकतेबद्दल. झुंबरभाऊंना मात्र 'सूचनांचं पालन न केल्यामुळे' पुढच्या कार्यक्रमांतून वगळण्यात आलं. हा निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी नाशिकरोडला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांची बायको लताबाई दारात गहू निवडत होती. मी चाचरत निरोप सांगितला. झुंबरभाऊ "बरं" म्हणाले. लताबाई तेवढ्यावर थांबणारी बाई नव्हती.

"साहेब, तुमी तिथं होता ना?" तिने विचारलं. "मग तवाच का नाय सांगितलं, की हे वाटायचे नायेत?"

मी काट्याचं सांगणार होतो, पण तिच्या हातात सूप होतं.

मग झुंबरभाऊच बोलले. चूक त्यांची होतीच, ते म्हणाले. बूट मोठे झाले. पाड्यावर बाया ते घालून सरपणाला जातात, काही जोड हरसूलच्या बाजारात विकले गेले, पण पोरं पुन्हा अनवाणीच. ते त्यांना लागलं होतं. दोनदा जाऊन ते नाथा सरांशी बोलून आले होते. सरांनी प्रत्येक मुलाला वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिलीने पाऊल काढून घेतलं होतं, आणि प्रत्येक पावलात त्या मुलाचं नाव लिहिलं होतं. ती रद्दी झुंबरभाऊंच्या कपाटावर ठेवलेली होती.

पुढच्या पौर्णिमेला बुद्धविहारात कॉलनीची माणसं जमली तेव्हा लताबाई उभी राहिली. भाषण केलं नाही. रद्दीचा गठ्ठा घेतला आणि घराघराला एकेक कागद देत गेली. "हे तुमचं पाऊल," एवढंच म्हणायची. "बाजारात जाताना संगं न्या. ठेवून बघा, मगच घ्या." कुणी कारकून, कुणी नर्स, कुणी रिक्षा चालवणारा. कागदाची घडी घालून जो तो घरी गेला.

झुंबरभाऊंनी बोलावलं म्हणून मीही तिथे गेलो होतो, मलाही एक कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं, 'चंद्रकला, तिसरी'. मला एक नाव सुचलं होतं, 'एक घर, एक पाऊल चॅलेंज'. मी ते लताबाईला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ मेन रोडला जाऊन सँडल घेऊन आलो. दुकानात कागदावर सँडल ठेवून बघताना लोक बघत होते. चंद्रकलाचा अंगठा जरा बाहेरच्या बाजूला वळलेला होता, म्हणून मी पुढून उघडे घेतले. कुणाच्या पायाकडे इतकं निरखून मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

एका साध्या बुधवारी झुंबरभाऊंनी चपलांची पोती पिकअपमध्ये टाकली. मी रजा काढून सोबत गेलो. शाळेत गणिताचा तास चालू होता. सरांनी नावं पुकारली, मुलं येऊन आपापली जोडी घेऊन गेली आणि पुन्हा पाढे म्हणायला बसली. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. नाथा सरांनी रेकॉर्डसाठी एक फोटो काढला, त्यात त्यांचंच बोट आलं.

सगळं झाल्यावर शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून झुंबरभाऊंपाशी आली. तिच्या कागदावरून चप्पल घेणाऱ्याने घाईत दोन्ही डाव्या पायाच्या घेतल्या होत्या. ती तक्रार करत नव्हती. उजव्या पायात डावी चप्पल घालून ती चालूनही दाखवत होती.

"चालतंय," ती म्हणाली. "नाय टोचत."

"काढ ती," झुंबरभाऊ म्हणाले. "येत्या बुधवारी बदलून आणतो. शाळेला सुट्टी नाय ना?"

"नाय."

त्यांनी एक चप्पल तिच्या हातून घेतली, डॅशबोर्डवर ठेवली आणि गाडी चालू केली. मला वाटलं, माणूस असं म्हणतो आणि विसरतो. दिंडोरीच्या बागांत छाटणी सुरू झाली होती, मजुरांची आणि खतांची भाडी दारात उभी होती. पुढच्या बुधवारी मी ऑफिसातून फोन केला तेव्हा ते हरसूलच्या चढावर होते.