मटणबंदीला माझाही हात

मित्रहो, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज बातम्या लिहितो. आज माझाच वैताग लिहितोय.

सकाळी ग्रामसभेत गावातली मटणविक्री बंद करण्याचा ठराव आला. "मुक्या जिवांवर दया करा," सरपंच म्हणाले. भराभर हात वर झाले. मीही केला. जन्मात मटण खाल्लं नाही, माझं काय जात होतं?

तेवढ्यात शेळ्या पाळणाऱ्या हौसाबाई दोन बोकड घेऊन पुढं आल्या. "गावातला खाटीक घेत हुता. आता ह्यांना कोन घेनार?"

"काष्टीच्या जनावरांच्या बाजारात न्या," सरपंच म्हणाले.

"येवढ्या लांब? उपाशी हायत, वाटंतच मरतील. दोन वर्सं पाऊस न्हाई. मी दुष्काळी कामावर खडी फोडते, चारा कुठनं आनू? येवढी दया हाय, तर धरा दोर, सांबाळा तुमीच."

त्यांनी दोर एकेकापुढं धरला. कुणीच घेतला नाही. माझ्यापाशी आल्या, तेव्हा मी चष्मा पुसत बसलो.

ठराव मंजूर झाला. हौसाबाई उन्हातच काष्टीच्या वाटेला लागल्या.

तेव्हापासून चिडलोय, सगळ्यांवर आणि जास्त स्वतःवर. ज्याची झळ आपल्याला लागतच नाही, त्या ठरावाला आपण इतक्या सहज हात का वर करतो? उत्तर असेल तर इथंच खाली खडूनं लिहा.