बाटलीसमोर बसलेले काका

आमच्या शेजारच्या पंक्चरवाल्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या मुरुडात शोधून सापडायचा नाही. नवा कोरा तांब्या आणला तरी ते आधी बादलीत बुडवून बघतात. पंगतीत वाढप्याने "पोटभर जेवा" म्हटलं, की "का हो, जिलेबी संपली का?" असं विचारतात. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, जोडलेली ट्यूब दोनदा पाण्यात घातल्याशिवाय ते सोडत नाहीत.

माझ्या आठ महिन्यांच्या लेकीच्या डाव्या फुप्फुसात जन्मापासूनच हवेच्या निकामी पिशव्या होत्या. सारखा न्यूमोनिया व्हायचा. लातूरला ऑपरेशन करून तो भाग काढायचं ठरलं, तेव्हा काका दुकानाला कुलूप लावून आमच्या आधी गाडीत बसले. ऑपरेशननंतर तिच्या बरगड्यांमधून एक नळी पाण्याच्या बाटलीत सोडली होती. ती रडली की पाण्यात बुडबुडे यायचे. "आतून अजून हवा गळतेय," डॉक्टर म्हणाले. "थांबली नाही तर पुन्हा उघडावं लागेल." बायकोने त्या बाटलीकडे बघणंच सोडलं. काका मात्र स्टूल ओढून समोरच बसले. हे आपल्याच धंद्यातलं काम आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेक रडली आणि बुडबुडे आले नाहीत. बायकोने हात जोडले. मी घरी फोन लावायला निघालो, तोच काका म्हणाले, "सर, थांबा जरा. नळीतलं पानी बी हलून न्हाई राहिलं. लेकराच्या श्वासाबरोबर ते हलायचं."

मला भयंकर राग आला. "काका, इथंही पंक्चरच शोधा," मी सगळ्या वॉर्डासमोर बोललो. नळीला हातही न लावता ते सिस्टरला बोलावून घेऊन आले.

तिने दुपटं उचललं. नळी लेकीच्या पाठीखाली दुमडली होती. ती सरळ केल्याबरोबर बाटलीत भसाभस बुडबुडे उठले. "बरं झालं बोलावलंत," सिस्टर म्हणाली, "हवा छातीतच कोंडली असती." काकांचा चेहरा तर असा पडला, की ते बुडबुडे जणू त्यांनीच आणले होते. "माफ करा सर," ते मला म्हणाले.

पाचव्या दिवशी गळती खरोखरच थांबली आणि नळी निघाली. लेक आता चार वर्षांची आहे, गल्लीभर पळते. मी दर रविवारी स्कूटर घेऊन काकांकडे जातो. "हवा बरोबर हाय की, सर," ते म्हणतात. "तरी बघा," मी म्हणतो. ते चाकाशी वाकतात, मी शेजारी उभा राहतो, आणि माफी मागायची तेवढी राहून जाते.