शिट्टी मी आधी वाजवली

सुदाम वस्तादांनी मला बाळापूरच्या तालमीत घडवलं. घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांनी अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात धाडलं म्हणून. त्यांच्याच गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत मी पंच होतो आणि लोक उठून चालले होते.

चूक माझी होती. मॅटवरचे नियम यंदा मातीत लावू, असं मीच सुचवलं होतं. सहा मिनिटांची कुस्ती. चितपट झाली नाही तर गुणांवर निकाल. खाली दाबलेल्या मल्लाला वरच्याने लवकर उलटवलं नाही, तर पंच दोघांना उभं करतो. पण पहिल्या तिन्ही कुस्त्यांत एक गुण मिळाला की मल्ल नुसता मागे सरायचा.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष मला म्हणाले, "मास्तर, पब्लिक गेलं तं पुढच्या साली दंगल बंद. ऑर्केस्ट्रा आणतो."

चौथ्या कुस्तीत एक जण पालथा पडला. वरच्याने कंबर धरली. गर्दी गप्प झाली. मी मनात आकडे मोजले आणि शिट्टी वाजवली. सगळीकडून "अर्रर्र" उठलं.

वस्ताद आखाड्यात आले. "काहून उठवलं बे त्यायले?"

"वस्ताद, काही होत नव्हतं."

"तुले दिसत नव्हतं. लोकायले दिसत होतं. खालच्याचे मातीत रोवलेले बोटं पाह्यले का? सुटून राहिले होते, आता पाठ लागलीच असती."

शेवटची कुस्ती मी माइकवरून निकाली जाहीर केली. गुण नाहीत, घड्याळ नाही. पाठ लागेपर्यंत.

ऊन कलतं झालं होतं. हळद-ताकाच्या मातीचा वास वर येत होता. खालचा मल्ल झोपल्यासारखा पडून होता, वरचा त्याच्यावर ढगासारखा. किती वेळ गेला, कळलं नाही. कडुलिंबावर बसलेल्या माणसाचा शेंगदाण्याचा हात तोंडापाशीच थांबला होता. मी मातीला गाल लावून बोटं बघत होतो. एक सुटलं. मग दुसरं. मग सगळं आभाळ फिरल्यासारखं झालं आणि खालच्याचे दोन्ही खांदे मातीला टेकले.

टोप्या उडाल्या. अध्यक्षांची पण. ऑर्केस्ट्र्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

अकोल्याला, नोकरीच्या गावी, परतल्यावर मी वस्तादांना पत्र टाकलं :

"आदरणीय वस्ताद,
सा. न. वि. वि.
रविवारी इथे मॅटवर स्पर्धा आहे. तिथे नियमानेच चालेन. पण शिट्टी तोंडात धरण्याआधी खालच्याची बोटं बघीन. कॉलेजात मी नियमांचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. त्यात हा प्रश्न नव्हता.
तुमचा,
रमेश"