इकडून हाक, तिकडून ओ

वायरचे तुकडे आणि किस्से, आमच्या ऑफिसात दोन्ही कुणी फेकत नाही. "राहू द्या, कामाला येईल," म्हणत साठत जातात. मग चहाच्या वेळेला कुणी एक टोक ओढलं की सगळंच बाहेर येतं!

गंगाखेडला आमचं इंटरनेटचं छोटं ऑफिस आहे. मी तक्रारीचे फोन घेते, सलीमभाई मशीनं जोडतात आणि महादेवभाऊ खांबावर चढून वायर ओढतात. भाऊ इतकी वर्षं रोजंदारीवर. यंदा कंपनीनं कळवलं, पक्कं व्हायचं तर नेटवर्कची तोंडी परीक्षा द्या. भाऊंनी त्याच दिवशी घरी सांगून टाकलं, "झालोच पक्का!" आता नापास व्हायची सोयच उरली नाही. मग जेवणाच्या सुट्टीत आमची शाळा भरायला लागली.

*

पहिला धडा पत्त्याचा. मी म्हटलं, "भाऊ, नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता असतो. दोघांना एकच दिला की घोटाळा."

"म्हायतीय की! आमच्या गल्लीत दोन महादेव हायत. धोंड्याच्या महिन्यात त्याच्या सासूनं जावयाला अनारसे धाडले. डबा आला माझ्या घरी."

"मग?"

"मग काय, लय खुसखुशीत होते! त्यो महादेव आजून बोलत न्हाई माझ्यासंगं."

*

सलीमभाईंनी पॅकेट शिकवलं. आपण पाठवलेल्या फोटोचे तुकडे होतात, प्रत्येकावर नंबर असतो. तुकडे मिळेल त्या वाटेनं जातात आणि पलीकडे नंबराप्रमाणे जुळतात. एखादा हरवला तर तेवढाच परत मागवतात.

भाऊ खूश. "पुतण्याचं वऱ्हाड आसंच गेलं, चार जीपात. तीन राणीसावरगावला पोचल्या, चौथी चुकली."

"मग परत मागवली?"

"मागवावीच लागली! नवरदेव तिच्यात होता!"

*

पोखर्णीहून एका मावशींचा फोन आला, "नेट चालंना." भाऊ गेले. बघतात तर धूळ बसू नये म्हणून मावशींनी राऊटर स्टीलच्या डब्यात घालून वर झाकण लावलेलं! त्यातून सिग्नल बाहेर येणार कसा? भाऊंनी राऊटर काढून फळीवर ठेवला, नेट सुरू.

मावशी नाराज. "एवढी म्हागाची वस्तू उघडी ठिवू?"

"मावशी, झाकण पापडाला लावा. हे मऊ पडलं तर मी हाय!"

*

पिंग मात्र भाऊंच्या डोक्यात शिरेना. नुसता शब्द ऐकला तरी हसायचे.

भाऊंची एक सवय आहे. नवी वायर ओढली की खांबावरून घसा ताणून हाक मारतात, "ओऽऽ!" दुसऱ्या टोकाहून सलीमभाईंची "ओऽऽ!" आल्याशिवाय खाली उतरत नाहीत. खिशात फोन असतो, तरी! मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "फोन काय, हाटेलात बसूनबी उचलता येतो. ओ आली म्हंजे माणूस जाग्यावर हाय."

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, यही तो पिंग है! एक मशीन हाक मारतं, दुसरं ओ देतं. बस्स!"

"आसं व्हय," भाऊ म्हणाले, आणि तो शब्द पुन्हा विसरले.

*

परीक्षा आमच्याच ऑफिसातून, व्हिडिओ कॉलवर. परीक्षा घेणारे साहेब संभाजीनगरला. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. पत्ता सांगितला, पॅकेट सांगितलं, नवरदेव मोठ्या कष्टानं टाळला.

साहेबांनी शुद्ध मराठीत विचारलं, "पिंग म्हणजे काय, ते सांगा."

भाऊंनी छताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. साहेबांनी थोडी वाट बघितली, मान खाली घातली आणि मार्क लिहायला पेन उचललं. सलीमभाईंनी डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात भाऊ उठले. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओऽऽ सायेब!"

साहेब दचकले. पेन हातातून पडलं. आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "ओऽऽ!"

भाऊ शांतपणे खाली बसले.

"लाईन चालू हाय, सायेब."